उताराच्या शेवटचं घर

आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, पाणी आणि ड्रेनेजच्या नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. लोकांना जरा हसू येऊ दे."

गटारात गमती असतात, नाही असं नाही. त्या आधी सांगून टाकतो.

मारतहळ्ळीच्या बाजूला एक गृहस्थ होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की घरातलं सांडपाणी वायव्येकडूनच बाहेर पडलं पाहिजे. वायव्येला रस्ता चढाचा. मी म्हटलं, "स्वामी, पाणी वर कसं जाणार?" ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही गव्हर्नमेंट आहात. मनात आणलं तर काय नाही होणार?" दुसऱ्या एक बाई रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणावर रोज रांगोळी काढायच्या, कारण ते नेमकं त्यांच्या दारासमोर आलं होतं. आम्हाला झाकण उघडू देईनात. श्रावण संपेपर्यंत थांबा म्हणाल्या. आम्ही थांबलो. तिसरे एक निवृत्त प्राध्यापक. शेजारी नऊ माणसांचं कुटुंब आणि यांच्याकडे दोघंच, तरी जोडणीची फी सारखी कशी, असं विचारायला आले होते. "आम्ही दोघं मितभाषी आहोत आणि मिताहारीही," हे त्यांनी अर्जातसुद्धा लिहिलं होतं.

झालं. गमती इथे संपल्या.

मी मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड. बंगळूरला पाण्याच्या खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. घरात पाणी आणणारा नळ आणि घरातली घाण नेणारी लाईन, या दोन्हींच्या जोडण्या देणं हे आमचं काम. त्या लाईनीला इथे सगळे यूजीडी म्हणतात.

लोकांचा एकच प्रश्न असायचा : ही फी कशाची? अजूनही तोच आहे. पाइप माझ्या दारात येऊन पडलाय, त्याला माझा पाइप जोडायचा, एवढ्याला एवढे पैसे? प्रश्न वाजवी आहे. उत्तर असं की, दारातला पाइप म्हणजे लाईन नव्हे. तो गल्लीच्या खालच्या टोकाला मोठ्या पाइपला मिळाला पाहिजे, तो आणखी मोठ्याला, मग पंप, मग शुद्धीकरण केंद्र. या सगळ्याचा वाटा तुमच्या फीमध्ये असतो. म्हणजे तुम्ही जे विकत घेता ते तुम्हाला कधी दिसत नाही. त्यासाठी ते आहे असं सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा लागतो.

तो सांगणारा माणूस मी होतो.

ऑफिसात तक्रारीच्या अर्जावर देशपांडे, पाटील, जाधव असं काही आडनाव दिसलं की आमचे साहेब अर्ज माझ्याकडे सरकवायचे. "होगप्पा, निम्म जन." जा बाबा, तुझी माणसं आहेत. बेळ्ळंदूरच्या बाजूला तळ्याकडे उतरत जाणारी एक गल्ली होती. पुणे, मुंबई, नागपूरकडून आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी तिथे घरं घेतली होती. तेव्हा तिथे यूजीडी नव्हती. प्रत्येक घराला आपला शोषखड्डा होता. तो भरला की उपसणारी गाडी बोलवायची. त्या गाडीला इथे हनी सकर म्हणतात. मधाचं नाव तिला कुणी दिलं कोण जाणे.

गल्लीत यूजीडी आली आणि फी भरायच्या नोटिसा गेल्या. लोक बिथरले. बिल्डरला आम्ही आधीच पैसे दिलेत, लाईन चालू होईल याची खात्री काय, आमचा खड्डा बरा चाललाय, असे सगळे मुद्दे. साहेबांनी मला सभेला पाठवलं. मी आधी नियम सांगितले. कुणी ऐकेना. मग मी मराठीत म्हणालो, "हे बघा, मी निपाणीचा. आपल्या माणसाला मी फसवीन का?"

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला, तळमजल्यावर भाड्याने राहायच्या आणि ऑफिसात जाणाऱ्या मुलांना पोळीभाजीचे डबे करून द्यायच्या. त्यांचा नवरा स्कूटरवरून डबे पोचवायचा. गल्ली त्यांना अक्का म्हणायची. मीही इथे अक्काच म्हणतो. नाव का नाही, ते शेवटी कळेल.

"निपाणीत कुठं?" अक्कांनी विचारलं.

मी गाव सांगितलं. त्यांचं माहेर आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर निघालं.

"मग काय बगायचंय?" त्या लोकांकडे वळून म्हणाल्या. "आमच्याकडचं माणूस हाय. सांगतंय ते खरंच असंल. भरून टाका की पैसे."

लोक हसले. आणि पुढच्या आठवड्यापासून भरायला लागले. अक्कांनी तर घरमालकाच्या मागे लागून त्याला भरायला लावलं. मी त्या गल्लीत गेलो की त्या मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एकदा मी पैसे काढले तर रागावल्या. "आपल्या माणसाकडनं कुठं घेत्यात व्हय? ठेवा ते खिशात."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. नवी लाईन टाकताना तिच्या खालच्या टोकाला, शेवटच्या मॅनहोलमध्ये, पाइपच्या तोंडात विटांची छोटी भिंत बांधतात. खालची मोठी लाईन तयार नसते, पावसात तळ्याकडचं पाणी उलटं आत शिरू नये म्हणून हे बूच. खालची लाईन चालू झाली की भिंत फोडायची. मग लोकांना सांगायचं की जोडून घ्या आणि आपले खड्डे वाळू टाकून बुजवा. हा क्रम चुकला की संपलं.

खालची लाईन चालू झाली. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, भिंत फोडली. मी बघायला गेलो, तर तेवढ्यात रस्ता नव्याने झाला होता आणि शेवटच्या मॅनहोलचं झाकण डांबराखाली गाडलं गेलं होतं. आमच्या शहरात हे नेहमीचं. रस्तेवाले येतात आणि झाकणावरून डांबर ओढून जातात. झाकण उघडायचं तर नवा कोरा रस्ता फोडायचा, त्याची परवानगी काढायची, रस्तेवाल्यांची बोलणी खायची. ऊन मी म्हणत होतं. मुकादम म्हणाला, "सर, नानु इद्दीनल्ला." सर, मी आहे ना. मी लाईन चालू झाल्याची सही केली.

सगळ्यांनी जोडण्या घेतल्या. मी सांगितलं म्हणून खड्डे बुजवले.

पाणी उताराने जातं आणि वाट बंद असेल तर सगळ्यात खालच्या घरातून वर येतं. यात कुणाचा चांगुलपणा, वाईटपणा बघितला जात नाही. वरची घरं न्हाणीघरात निवांत पाणी ओतत होती आणि अक्कांच्या मोरीतून सगळ्या गल्लीची घाण स्वयंपाकघरात येत होती. मी पोचलो तेव्हा अक्का साडी खोचून खराट्याने पाणी दाराबाहेर लोटत होत्या. नवरा पिठाचे डबे माळ्यावर चढवत होता. वरच्या घरातले दोघे-तिघे नाकाला रुमाल लावून रस्त्यावर उभे होते.

अक्का मला बघून म्हणाल्या, "आलासा? बरं झालं. आता तुमीच बगा."

मी रस्त्यावरची झाकणं उघडून पाहिली. तेल-पिठाने लाईन तुंबली तर एक मॅनहोल काठोकाठ आणि त्याच्या खालचं कोरडं असतं. इथे गल्लीतली खालची सगळी मॅनहोल भरलेली होती आणि पाणी एका पातळीत स्थिर उभं होतं. डांबराखाली गाडलेल्या त्या शेवटच्या झाकणाच्या आत भिंत तशीच उभी आहे, हे मला तिथेच कळलं. शंका म्हणून नव्हे. कळलं.

तेवढ्यात रुमालवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "सर, हे यांच्या किचनमुळे नाही ना? रोज एवढं तेल, एवढं पीठ जातं."

मी अक्कांच्या दारातलं चेंबर उघडलं. त्यात कणकेचे गोळे होते, तेलाची साय होती. डबे करणाऱ्या घरात असणारच. मी झाकण लावलं आणि बाजूला गेलो. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "भिंत आहे म्हणून लिहिलंस तर सही कुणाची निघेल?" माझी बढती तेव्हा वर अडकली होती. मी अहवालात लिहिलं की पाहणीत खालच्या घराच्या चेंबरमध्ये खाद्यतेल व पीठ आढळले, तेथे व्यावसायिक स्वयंपाक चालतो. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कारण अमुक आहे असं मी कुठेही लिहिलं नाही. वाचणाऱ्याने ते स्वतः लावून घ्यावं, अशी सोय केली. नोकरीत ही कला शिकवावी लागत नाही.

वाचणाऱ्यांनी लावून घेतलं. घरमालकाला व्यावसायिक दराची नोटीस गेली. त्याने अक्कांना चूल बंद करायला सांगितली. तशीही त्या घाणीत स्वयंपाक होणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात, "झाकण रस्त्याच्या पातळीला आणण्याचं काम" असं नाव देऊन मी डांबर फोडून घेतलं. पंप लावून पाणी उपसलं, माणसांनी वरूनच लांब सळयांनी भिंत पाडली. तिचा अर्धा भाग पाइपच्या कडेला चिकटून राहिला, तो कुणी खरवडला नाही. पाण्याने हिसका दिला आणि गल्ली एका तासात मोकळी झाली. गल्लीला एवढंच दिसलं की अक्कांची चूल बंद झाली आणि लाईन सुटली. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? लोक खुश झाले. मला त्यांनी सोसायटीच्या सभेत शाल दिली. मी ती घेतली.

अक्का महिना संपायच्या आत घर सोडून गेल्या. जाताना मला भेटल्या नाहीत. त्यांच्या मनात माझ्याविषयी काही असेल असंही नाही. गल्ली म्हणते म्हणजे आपल्याच तेलाने झालं असेल, असं त्यांनाही वाटत होतं. हे मला फार नंतर कळलं.

बढती मिळाली. पुढे मी बऱ्याच गल्ल्यांत जोडण्या दिल्या. शेवटचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय कधी सही केली नाही. लोक मला काटेकोर म्हणायचे.

आता यंदाचं. त्याच गल्लीत घरांच्या जागी चार-चार मजली इमारती झाल्या आहेत. नळाने कावेरीचं पाणी आणि जास्त मोठी यूजीडी यायची आहे, आणि पुन्हा फीच्या नोटिसा आल्या आहेत. तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी निखिल हा पुण्याचा मुलगा. मंडळात त्याची माझी ओळख. त्याने फोन केला. "काका, प्लीज या ना मीटिंगला. पर स्क्वेअर फूट चार्ज लावलाय. लीगल आहे का, कुणालाच कळत नाहीये."

मी गेलो. तेच मुद्दे, तेच चेहरे वाटले, फक्त तरुण. आधीच एकदा भरलंय मग पुन्हा का? पाणी आलंच नाही तर पैसे परत मिळणार का? बोअर चांगलं चाललंय, मग सक्ती का? माझ्याकडे फार नवी उत्तरं नव्हती. जी होती ती दिली. इमारती वाढल्या म्हणजे वाटा वाढणार, तो भरावा लागेल. पण आधीची पावती असेल तर तेवढी वजावट मागा, आणि ते लेखी मागा.

मग निखिलने पुढचा विषय काढला. मेघा नावाची नागपूरची मुलगी तिथल्या एका फ्लॅटमधून पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. तिच्या जोडणीला सोसायटीची संमती द्यायची की नाही, हा विषय.

"पर्सनल काही नाही, मेघा," निखिल म्हणाला. "पण आपला रूल आहे ना, नो कमर्शियल कुकिंग. मागे एका डबेवाल्या बाईंमुळे पूर्ण लेन तुंबली होती. डॉक्युमेंटेड आहे."

"माझ्या पुरणात तेल तरी असते का जी?" मेघा म्हणाली. "आन् तुम्ही रविवारी समोसे तळून राहिले, ते कुठं जाते?"

लोक हसले. मी हसलो नाही. डॉक्युमेंट माझं होतं. गल्लीच्या नियमात माझं ते एक वाक्य इतकी वर्षं राहत होतं, भाडं न देता. जिच्यावरून ते आलं ती बाई कुठे आहे, हे तिथे कुणालाही माहीत नव्हतं.

"ते त्या बाईंमुळे झालं नव्हतं," मी म्हणालो.

"काका, रिपोर्ट आहे ऑफिशियल."

"मीच लिहिलाय तो."

मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच, याहून बरं नाही. मग एकजण म्हणाला, "पण अंकल, आता प्रूफ काय?" मला राग आला नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये, हे त्या गल्लीने थोडं आधी शिकायला हवं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी खात्याची माणसं जागा बघायला येणार होती. मी त्यांना शेवटचं झाकण उघडायला लावलं. निखिल, मेघा आणि पाच-सहा जण कडेला वाकून बघत होते. पाणी नीट वाहत होतं. मोबाइलचा उजेड टाकल्यावर पाइपच्या तोंडाशी अर्धी भिंत दिसली. विटा काळ्या पडलेल्या, मधलं सिमेंट तसंच.

"ही विटांची कड?" निखिलने विचारलं.

"हीच."

त्याने मोबाइल खिशात घातला. मग उभा राहून म्हणाला, "काका, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

याचं उत्तर मी या लेखात शोधून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. नाही सापडलं. भीती होती म्हणावं, तर बढती मिळाल्यावर कशाची होती? निवृत्त झाल्यावर कशाची होती?

नियम काढायचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेऊ, असं ठरलं. मेघा म्हणाली, "म्हणजे तवर माझ्या पोळ्या आरोपी." ते खरं आहे. सभा अजून व्हायची आहे. त्या गल्लीतले जे कोणी हा अंक वाचतील त्यांनी सभेला यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय. आणि फी भरणाऱ्या सगळ्यांसाठी एक गोष्ट : मोठी लाईन चालू झाली असं कुणीही सांगितलं, आपलं माणूस म्हणून सांगितलं तरीही, खालच्या टोकाचं झाकण उघडून पाणी वाहताना डोळ्यांनी बघा. मगच खड्डा बुजवा.

मग मी अक्कांना शोधलं. ते कठीण नव्हतं. कठीण नव्हतं, हे लिहितानाही लाज वाटते. त्या मारतहळ्ळीला एका मागच्या गल्लीत मेस चालवतात. नवरा राहिला नाही. दुपारची गर्दी ओसरली होती. एक-दोन मुलं मोबाइल बघत जेवत होती. अक्कांनी मला ओळखलं.

"बसा की. किती वाळलाय."

त्या पोळ्या लाटत होत्या. मी खालच्या आवाजात सांगितलं. भिंत, सही, अहवाल, आत्ता गल्लीत काय झालं ते. लाटणं थांबलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे मी ते पाणी लोटत हुतो, तवा तुमाला ठाऊक हुतं?"

"होय."

त्यांनी तव्यावरची पोळी उलटली. फुगली, तिला कपड्याने दाबलं.

"ह्यांनी जाईपर्यंत मला बोल लावला," त्या म्हणाल्या. "तू तेल ओतत जाऊ नको म्हणत हुतो, म्हणायचे. मी बी म्हणायचो, चुकलं बाई माझं. अजून बगा, तव्याचं तेल मी कागदानं पुसून घेतो."

त्यांच्या शेजारी वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे होते, तेलाने पारदर्शक झालेले.

मी म्हणालो, "अक्का, मी हे छापणार आहे. तुमचं नाव घालून, तुमची काही चूक नव्हती असं."

"नाव घालू नका."

"पण तुमचं नाव खराब झालं ते..."

"इथं पोरं जेवत्यात," त्या म्हणाल्या. "माझं नाव आन् गटार एका ओळीत वाचलं की पुढचं कोण वाचतंय? चूक नव्हती हे कुणाच्या ध्यानात ऱ्हाणार न्हाई. गटार ऱ्हाईल." मग पुढची पोळी तव्यावर टाकत, "तुमचं ओझं हाय, तुमी उतरवा. माझ्या ताटात नको."

मी उठायला लागलो.

"जेवून जावा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत असाव्यात तसं.

मी जेवलो. पोळी, वांग्याची भाजी, आमटी. चव तीच होती. हात धुवून आलो तेव्हा त्या पुढची पोळी लाटत होत्या. मी नुसताच उभा राहिलो. त्यांनी मान वर न करता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. थाळीचा दर लिहिला होता, खाली पैसे टाकायचा डबा होता.

"त्यात टाका," अक्का म्हणाल्या.

मी टाकले.